कातडं वेगळं ठेवलं तर

किनारपट्टीवरच्या घरांत माशाचं कालवण दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागतं, हे कोणी कोणाला शिकवत नाही. घोळीच्या किंवा रावसाच्या मुंडीचं कालवण रात्री फ्रिजमध्ये ठेवलं, की सकाळी त्याचा रस्सा थरथरता आणि घट्ट झालेला असतो. नारळाच्या रसातला स्निग्धांश वर पांढुरका थर धरतो, तो वेगळा. त्याच्या खालचा रस्साही पार तळापर्यंत जमलेला असतो. चमचा घातला की तुकडा निघतो, शेगडीवर दोन मिनिटं ठेवला की पुन्हा पातळ होतो. हे काम कोकमाचं नव्हे आणि पिठाचंही नव्हे. मुंडीतल्या, कातडीतल्या आणि काट्यांतल्या एका प्रथिनाचं ते काम आहे. त्याचं नाव कोलॅजेन. शिजताना ते सुटून रश्शात उतरतं, उष्णतेनं उलगडून त्याचं जिलेटिन होतं आणि गारठ्यात ते जिलेटिन पाण्याला धरून बसतं.

माशाच्या कातडीतून कोलॅजेन काढण्याचा विषय असा स्वयंपाकघरातच सुरू होतो. त्याची दुसरी ओळख सुताराच्या दुकानात होते. प्लायवूडचा पांढरा गोंद येण्याआधी सुतार सांधे जोडायचे ते सरसानं. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेल्या त्या तपकिरी वड्या पाण्यात भिजत घालायच्या, दुहेरी भांड्यात वितळवायच्या आणि गरम असतानाच लावायच्या. ग्रीक भाषेत सरसाला ‘कोला’ म्हणतात. कोलॅजेन म्हणजे ज्यापासून सरस निपजतो ते. माशाचाही सरस होतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं ग्लॉस्टर हे कॉड मासळीचं जुनं बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या कारखान्यांत खारवलेल्या कॉडच्या टाकाऊ कातडीपासून ‘लेपेज’ नावाचा पातळ सरस होऊ लागला, आणि तो घरोघरी कागद-लाकूड चिकटवायला वापरला गेला. मासळीच्या कातडीला मोल आहे, हे तेव्हापासून ठाऊक आहे. उकळून सरस करणं मात्र सोपं असतं. न उकळता, मूळ रचना न मोडता कोलॅजेन बाहेर काढणं हे अवघड काम, आणि आज त्यालाच किंमत आहे.

ही रचना कशी असते? ज्यानं कोकणात काथ्याची दोरी वळताना पाहिली असेल, त्याला ती लगेच कळेल. सुमारे हजार अमिनो आम्लांची एक साखळी, अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, आणि तयार झालेला दोर जेमतेम ३०० नॅनोमीटर लांब. एका मिलिमीटरमध्ये असे ३,००० हून अधिक दोर एकापुढे एक मावतील. प्रत्येक साखळीत दर तिसरी जागा ग्लायसिन या सर्वांत छोट्या अमिनो आम्लाची असते. दोराच्या गाभ्यात दुसरं काही मावतच नाही, इतका पीळ घट्ट असतो. असे असंख्य दोर शेजारी शेजारी बसून, आडव्या टाक्यांनी जोडले जाऊन तंतू होतात आणि त्या तंतूंची जाळी म्हणजे कातडी. दोर तापवला की पीळ सुटतो, तीन पदर विस्कटतात. थंड केल्यावर ते एकमेकांत अडकतात खरे, पण पहिल्यासारखे वळले जात नाहीत. जमलेल्या रश्शात असतात ते हे विस्कटलेले पदर.

हा तीन पदरी पीळ ओळखला गेला तो भारतात. १९५२ मध्ये ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजेनची रचना अजून कोणाला नीट उलगडलेली नाही, असं त्यांच्या बोलण्यात आलं. मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचा नवा विभाग उभारत असलेले गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन तेव्हा तिशीचे होते. त्यांनी आणि गोपीनाथ कर्था यांनी हा प्रश्न हाती घेतला. सुरुवातीचे नमुने होते मुशीच्या परांमधले. पण क्ष-किरणांची चित्रं पुसट आली. मग ऑस्ट्रेलियातून कांगारूच्या शेपटीतले स्नायुबंध मिळाले आणि चित्र स्वच्छ झालं. १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा पहिला निबंध आला आणि १९५५ मध्ये पिळावरचा पीळ दाखवणारी सुधारित रचना प्रसिद्ध झाली. या विषयावर मराठीत लिहिताना रामचंद्रन यांचं नाव आधी घ्यायला हवं. सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांवर कोलॅजेन हा शब्द छापला जाण्याच्या कितीतरी आधी, साधनांची टंचाई असलेल्या मद्रासच्या एका प्रयोगशाळेत त्याचं कोडं सुटलेलं होतं.

आता माशाकडे. सगळ्यांचं कोलॅजेन सारख्याच पिळाचं असलं, तरी पीळ किती उष्णता सोसतो हे प्राण्यागणिक बदलतं. प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन ही दोन अमिनो आम्लं पीळ ताठ ठेवतात. गाई-डुकरांच्या कोलॅजेनमध्ये दर हजारी ती दोन्ही मिळून दोनशेच्या वर असतात, तर थंड समुद्रातल्या कॉडमध्ये सुमारे दीडशेच. परिणामी कॉडचं कोलॅजेन १५ अंश सेल्सियसच्या आसपासच उलगडायला लागतं. जो मासा आयुष्यभर बर्फाळ पाण्यात फिरतो, त्याला त्याहून अधिक ताठ पीळ लागतच नाही. उलट तिलापिया, बासा असे उष्ण पाण्यातले मासे घेतले तर त्यांचा पीळ तिशीच्या पुढच्या तापमानापर्यंत टिकतो. डुक्कर किंवा गाय त्याहून थोडी पुढे, ३७ अंशांच्या जवळ. मुंबईतल्या मे महिन्याच्या दुपारी कॉडच्या कातडीतून काढलेलं कोलॅजेन टेबलावर ठेवलं तर ते तिथेच जिलेटिन होऊन जाईल. उष्ण पाण्यातल्या माशाचं बराच वेळ तग धरेल. आपल्या समुद्रातल्या आणि धरणांतल्या माशांची कातडी या कामासाठी मुळातच बरी, ही गोष्ट इथल्या व्यवसायात फारशी बोलली जात नाही.

पीळ ताठ ठेवणारं हे हायड्रॉक्सिप्रोलीन आपलं शरीर बनवतं ते जीवनसत्त्व ‘क’च्या मदतीनं. लांबच्या सफरीवर लिंबू-भाजी न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा उघडायच्या, त्या याचमुळे: नवं कोलॅजेन वळलं जायचं, पण पीळ धरायचा नाही.

कोलॅजेन काढण्याची कृती ऐकायला साधी आहे आणि करताना संयम पाहते. कातडी आधी धुवायची, खवले आणि मांसाचे धागे खरवडून काढायचे, बारीक तुकडे करायचे. मग लिटरभर थंड पाण्यात चारएक ग्रॅम कॉस्टिक सोडा घालून त्यात ते भिजवायचे. या सौम्य अल्कलीत कोलॅजेन विरघळत नाही; बाकीची प्रथिनं आणि रंग मात्र निघून जातात. पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं. त्यानंतर तेल काढायचं, कारण माशाचं तेल हवेत खवट होतं आणि त्याचा वास शेवटच्या पांढऱ्या भुकटीपर्यंत पाठ सोडत नाही. प्रयोगशाळेत यासाठी पातळ ब्युटाइल अल्कोहोल वापरतात. मग मुख्य पायरी येते, ती असेटिक आम्लाची. साधारण तीन टक्क्यांचं, म्हणजे स्वयंपाकातल्या व्हिनेगरपेक्षाही फिकं. त्यात तुकडे दोन-तीन दिवस ढवळत ठेवले की ते फुगतात, पारदर्शक होतात आणि त्यांच्यातले दोर एकेक करून द्रवात सुटतात. द्रव मधासारखा दाट होतो. गाळून त्यात मीठ घातलं की कोलॅजेन पांढऱ्या धाग्यांच्या गुंत्यासारखं वर येतं. तो गुंता गोळा करायचा, मीठ धुऊन काढायचं आणि गोठवून निर्वात पोकळीत वाळवायचा. हाती येतो कापसासारखा हलका, पांढरा स्पंज.

हे सगळं चार अंश सेल्सियसच्या आसपास करायचं असतं. ही अट ढिली पडली की कोलॅजेनऐवजी महागडा सरस हाती येतो. म्हाताऱ्या माशाच्या कातडीत टाके पक्के असतात, नुसत्या आम्लात ती पूर्ण विरघळत नाही. तिथे पेप्सिन या पाचक विकराची मदत घेतात. दोराच्या दोन्ही टोकांना पीळ नसलेलं शेपूट असतं आणि टाके तिथेच असतात. पेप्सिन नेमकं तेवढं शेपूट कापतं, पिळाला धक्का लावत नाही. प्रमाण किती मिळतं? जपानमध्ये नागाई आणि सुझुकी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सी-बास, मॅकरेल आणि एका जातीच्या मुशीची कातडी घेतली होती. सुक्या वजनावर तिन्हींतून निम्म्याच्या आसपास कोलॅजेन मिळालं. ओल्या कातडीत बहुतेक पाणीच असतं, म्हणून ओल्या किलोमागे दीडशे ग्रॅम निघाले तरी पुष्कळ.

बाजारात ‘मरीन कोलॅजेन’ म्हणून जी भुकटी मिळते ती बहुधा हा स्पंज नव्हे. तिथे कातडी तापवून आधी जिलेटिन करतात आणि विकरांनी त्याचे बारीक तुकडे पाडतात. त्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. ते थंड पाण्यातही विरघळतात, चव जवळजवळ नसते. पीळ तिथे उरलेला नसतो. जखमेवरच्या पट्टीला किंवा प्रयोगशाळेत पेशी वाढवायला अखंड दोर लागतात, पेयात घालायला तुकडे चालतात. दोन्हींना एकाच नावानं हाक मारली जाते आणि दरांतला, दाव्यांतला बराचसा गोंधळ तिथून सुरू होतो.

कोळीवाड्यांना कोलॅजेनचा एक प्रकार फार पूर्वीपासून परिचयाचा आहे, नाव वेगळं. घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला बोत म्हणतात. ही पिशवी म्हणजे जवळजवळ निव्वळ कोलॅजेन. ती जपून, न फाटू देता काढली जाते, वाळवली जाते आणि व्यापाऱ्यांमार्फत हाँगकाँग-सिंगापूरकडे जाते. २०२१ च्या ऑगस्टअखेर पालघरच्या समुद्रात एका बोटीच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळी लागल्या आणि त्यांचे सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाले, अशा बातम्या सर्वत्र झळकल्या. ती किंमत मुख्यतः बोताची होती. युरोपात स्टर्जन माशाच्या अशाच पिशव्यांपासून ‘आयसिंग्लास’ करत आणि बिअर निवळवायला वापरत. मुद्दा असा, की बोत काढताना कोळ्याचा हात जपून चालतो, कारण त्याची किंमत माहीत आहे. तोच हात कातडी मात्र मुंडी-आतड्यांबरोबर एका टोपलीत टाकतो.

आणि तो चुकीचं करत नाही, कारण वेगळी ठेवावी इतकी कातडी त्याच्याकडे साठतच नाही. महाराष्ट्रातल्या घरात मासा बहुधा कातडीसकट खाल्ला जातो. सुरमईच्या तुकडीची तळलेली कातडी ताटातून शेवटी उचलण्यासाठी राखून ठेवणारे लोक आहेत. मुशी आणि पाकट यांची खरखरीत कातडी काढावी लागते, तेवढाच अपवाद. उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी मुबलक आहे. ही चिलापी म्हणजेच जगभरची तिलापिया. पण भिगवणच्या बाजारातून ती अख्खी जाते आणि तिची कातडी हजार स्वयंपाकघरांत विखुरते. कातडी एका जागी साठते ती मासे सोलून फिलेट करणाऱ्या आणि सुरीमी, म्हणजे माशाच्या मांसाचा धुतलेला लगदा, बनवणाऱ्या कारखान्यांत. रत्नागिरी, तळोजा, वेरावळ ही नावं इथे येतात. रत्नागिरीत तर राणी मासा आणि तशाच स्वस्त मासळीपासून सुरीमी करण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. फिलेट काढताना माशाचं निम्म्याहून अधिक वजन मुंडी, काटा, कातडी, आतडी यांत जातं. एकट्या कातडीचा वाटा साधारण पाच टक्के धरला, तरी शंभर टन मासा सोलला की पाच टन कातडी मागे राहते. आज ती बाकीच्या टाकाऊ मालाबरोबर फिशमीलच्या गिरणीत जाते, कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात मिसळते. फिशमील वाईट नाही, किनाऱ्यावरच्या अनेकांचा त्यावर संसार चालतो. पण एकदा आतड्यांत मिसळलेली कातडी कोलॅजेनच्या कामाची राहत नाही, कारण आतड्यांतली विकरं तासाभरातच तिचे तंतू खायला लागतात. कातडं वेगळं आणि बर्फात ठेवलं तर माल, मिसळलं तर फिशमील, एवढाच फरक. या विषयावरचं बहुतेक लेखन आम्ल किती आणि विकर कोणतं यावर खर्च होतं. निर्णय मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो, सोलणीच्या टेबलापाशी.

वेगळं ठेवल्यावर काय होतं याचे दाखले जगात आहेत. ब्राझीलच्या ईशान्येला सिआरा नावाचं कोरडं राज्य आहे. तिथल्या धरणांत तिलापियाची शेती होते आणि कातडी फेकली जायची. त्याच वेळी तिथल्या सरकारी रुग्णालयांत भाजलेल्या रुग्णांसाठी मानवी किंवा डुकराच्या त्वचेच्या पट्ट्या मिळत नसत. मलम लावायचं, पट्टी बांधायची आणि रोज ती ओरबाडून बदलायची, हाच उपचार होता. शल्यचिकित्सक एडमार मासिएल आणि सिआराच्या संघीय विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी तिलापियाची कातडीच पट्टी म्हणून वापरायचं ठरवलं. ती निर्जंतुक करायची, ग्लिसरीनमध्ये ठेवायची, किरणोत्सर्गानं उरलेसुरले जंतू मारायचे आणि जखमेवर बसवायची. कातडीतलं कोलॅजेन जखमेला चिकटून बसतं, ओलावा धरून ठेवतं. दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यात ती अनेक दिवस तशीच राहू शकते, आणि रोजच्या पट्टी बदलण्याच्या वेदना टळतात. २०१७ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात वणवा पेटला तेव्हा पंजे भाजलेल्या दोन अस्वलांवरही पशुवैद्यांनी हाच उपाय केला. अस्वलांनी मासा समजून पट्ट्या खाऊ नयेत म्हणून वर तांदळाच्या कागदाचं आणि मक्याच्या पानांचं आवरण गुंडाळलं होतं. इथे कोलॅजेन काढलं गेलं नाही, कातडी अख्खीच वापरली. पण कातडी शेतावरून ताजी, वेगळी, थंड निघाली म्हणूनच हे शक्य झालं.

आइसलंडची गोष्ट याच्या पुढची. तिथे कॉड हेच शतकानुशतकांचं उपजीविकेचं साधन, आणि त्याचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही असा ध्यास तिथल्या उद्योगांनी घेतला. वायव्येच्या फियॉर्डांमधलं इसाफ्योर्दुर हे लहानसं गाव. तिथल्या केरेसिस या कंपनीनं कॉडच्या कातडीतल्या पेशी काढून टाकून जखमेवर बसवायचं रोपण तयार केलं. जनावरांच्या त्वचेतून विषाणू येण्याची भीती असल्यानं तिच्यावर कडक रासायनिक प्रक्रिया करावी लागते. थंड समुद्रातल्या माशापासून तसा धोका नसल्यानं सौम्य प्रक्रिया पुरते आणि कातडीतलं ओमेगा-३ तेलही टिकतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टनं ही कंपनी विकत घेण्याचा सुमारे १.३ अब्ज डॉलरपर्यंतचा करार केला. कॉडचं कोलॅजेन तापमानाला इतकं नाजूक, तरी त्या लोकांनी त्याचं सोनं केलं.

आपल्याला जवळचं उदाहरण मात्र व्हिएतनामचं. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात बासा मासा तलावांत वाढवून त्याचे फिलेट जगभर पाठवले जातात. तिथल्या विन्ह होआन या मोठ्या निर्यातदार कंपनीनं आपल्याच सोलणीतून निघणाऱ्या कातडीवर कोलॅजेन आणि जिलेटिनचा कारखाना घातला. सोलणी आणि कारखाना एका घरात, त्यामुळे कातडी कोणी गोळा करायची हा प्रश्नच उरला नाही. भारतात हे ज्ञान नाही असं नव्हे. १९५७ मध्ये कोचीत सुरू झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेत माशांची कातडी आणि खवले यांपासून कोलॅजेन व पेप्टाइड काढण्यावर बरंच काम झालं आहे, आणि संस्थेचं एक केंद्र नवी मुंबईत वाशीलाच आहे. तिथून तळोज्याच्या वसाहतीतले कारखाने किती दूर?

गाई-डुकरांच्या जिलेटिनला पर्याय म्हणूनही माशाकडे पाहिलं जातं. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ रोग उघड झाल्यावर गाईच्या हाडांबद्दल धास्ती बसली, आणि मुस्लिम व ज्यू ग्राहकांना डुक्कर वर्ज्यच आहे. माशाचं जिलेटिन या दोन्ही अडचणी टाळतं. शाकाहारी मात्र ते नव्हे, हे आपल्याकडे ठळकपणे छापलं जायला हवं. माशाची अॅलर्जी असलेल्यांनाही तसा इशारा हवा.

आणि चिरतारुण्याचे दावे? ते अर्धेच खरे धरावेत. खाल्लेलं कोलॅजेन पोटात पचतं. ते थेट गालावर जाऊन बसत नाही. काही बारीक पेप्टाइड रक्तात उतरतात, हे जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. त्वचा थोडी लवचिक झाल्याचे निष्कर्षही काही चाचण्यांत आले, पण त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च विक्रेत्या कंपन्यांनीच केला होता. कोलॅजेनचा चुरा सांध्यांना उपयोगी पडतो, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०११ मध्ये पुराव्याअभावी नाकारला. शिवाय कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, म्हणून अंडं, डाळ किंवा खुद्द माशाचं मांस यांची जागा ते घेऊ शकत नाही. जखमेवरच्या पट्टीची बाजू याहून कितीतरी भक्कम आहे. ज्याला या धंद्यात उतरायचं आहे त्यानं भुकटीच्या जाहिरातीपेक्षा भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डकडे आधी पाहावं.

खर्चाचं गणितही नजरेआड करता येत नाही. धुण्याला पाणी अमाप लागतं, आणि शेवटी उरतं ते अल्कली, आम्ल आणि मीठ मिसळलेलं सांडपाणी. ते खाडीत सोडलं तर एक कचरा वाचवून दुसरा केल्यासारखं होईल. गोठवून वाळवणं वीज खाऊन टाकतं. पण सगळ्यात मोठी अडचण पहिल्या दोन तासांची आहे. आज कारखान्यात बर्फ मांसासाठी येतो. कातडीसाठी वेगळा क्रेट, वेगळा बर्फ आणि जातीनुसार निवड करायची म्हणजे कोणाच्या तरी हातांना जास्तीचं काम. कोळंबी सोलणाऱ्या बायकांना किलोमागे मजुरी मिळते. कातडी निवडून बर्फात लावण्याचाही तसाच दर लागला, तरच ती टेबलाखालच्या घमेल्यात पडायची थांबेल. पाच टन कातडीतून निघणाऱ्या पैशांत त्या बाईचा वाटा किती, हे आम्लाच्या प्रमाणाइतक्याच नेमकेपणानं लिहिलं जायला हवं.

म्हणून इथून पुढचं पहिलं प्रकरण प्रयोगशाळेत सुरू होत नाही. ते सुरू होतं पहाटे, सोलणीच्या दालनात, पाट्यांवर मासे येऊन पडलेले असताना आणि बर्फाची गाडी अजून यायची असताना.